शाळा फ्रेंचमधून, मग मुलीच्या लिहित्या इंग्रजीचं काय?

माँट्रियलहून एका आईचं पत्र आलं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे हे कुटुंब मागच्या जुलैत पुण्याहून तिकडे गेलं. कामाचा परवाना तात्पुरता आहे. पुढे पुण्याला परतायचं, टोरंटोला जायचं की तिथेच स्थायिक व्हायचं, हे अजून ठरलेलं नाही. नऊ वर्षांची मुलगी पुण्यात तिसरीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकली आणि वर्गात पुढे असायची. आता ती फ्रेंच शाळेत, नव्याने आलेल्या मुलांच्या ‘वेलकम क्लास’मध्ये आहे. सहा वर्षांचा मुलगा त्याच शाळेत पहिलीत आहे. हिवाळ्यात मुलीने पुण्यातल्या मावशीला इंग्रजीत पत्र लिहिलं. मावशी शिक्षिका आहे. तिने लगेच फोन केला, “अगं, हिचं इंग्रजी गेलं की!” तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. तिच्या मनात तीन उपाय आहेत: घरात मराठीऐवजी इंग्रजी बोलायला लागायचं, पुण्यातल्या एका बाईंची ऑनलाइन शिकवणी आठवड्यातून तीनदा सकाळी साडेसहाला लावायची, किंवा तात्पुरत्या परवान्याच्या आधारे दोन्ही मुलांना इंग्रजी शाळेत हलवायचं. “यातलं काय करू? की आधीच उशीर झालाय?” असं त्या विचारतात.

पत्रासोबत तुम्ही मुलीच्या पत्राचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. नुसत्या वर्णनावरून मी उत्तर दिलं असतं तर ते ढोबळ झालं असतं. ते पान मी सावकाश वाचलं. उशीर झालेला नाही. तिचं इंग्रजी गेलेलंही नाही.

मावशींना ज्या चुका खटकल्या, त्या एकेक करून बघू. ‘मंडे’चं पहिलं अक्षर तिने लहान काढलंय. फ्रेंचमध्ये वारांची आणि महिन्यांची नावं लहान अक्षरानेच सुरू होतात. ‘अपार्टमेंट’मध्ये दोन ‘पी’ घातलेत, फ्रेंच स्पेलिंगमध्ये ते दोनच असतात. ‘एक्झाम्पल’मध्ये ‘एक्स’नंतर ‘ए’ हवा तिथे ‘ई’ आहे, तोही फ्रेंचमधला. ‘आय हॅव नाइन इयर्स’ हे वाक्य तर फ्रेंच रचनेवर जसंच्या तसं बेतलेलं आहे, कारण फ्रेंच माणसाला वर्षं ‘असतात’. आणि दिवा बंद करण्याला ‘टर्न ऑफ’ऐवजी ‘क्लोज द लाइट’ असं माँट्रियलमध्ये इंग्रजी बोलणारी मोठी माणसंसुद्धा म्हणतात. मैत्रिणीचं बोलणं लिहिताना तिने अवतरणचिन्हंही फ्रेंच वळणाची, दुहेरी बाणांसारखी काढली आहेत.

यातली एकही चूक विसरल्यामुळे झालेली नाही. पोरगी काही महिन्यांत नव्या भाषेचे नियम इतके पक्के शिकली की ते इंग्रजीतही उतरायला लागले. दोन लिहित्या भाषा डोक्यात शेजारीशेजारी नांदायला लागल्या की सुरुवातीला अशी सरमिसळ होतेच. तिला कारण असतं, नियम असतो, म्हणून ती सोडवताही येते.

आता त्याच पानावर मावशींच्या नजरेतून काय निसटलं, तेही सांगते. बर्फात बाहेर पडताना कपडे कोणत्या क्रमाने घालायचे, हे तिने लिहिलंय. आधी बर्फाची विजार, मग बूट, मग जाकीट, हातमोजे सगळ्यात शेवटी. आणि का, तर हातमोजे आधी घातले तर जाकिटाची चेन लावता येत नाही. क्रम आहे, कारण आहे, वाचणाऱ्या मावशीला यातलं काही ठाऊक नाही याचं भान आहे. लिहिणं शिकवताना सगळ्यात जास्त घाम गाळावा लागतो तो इथे. स्पेलिंग नंतर सुधारता येतं. कुणासाठी लिहितोय आणि आधी काय सांगायला हवं, ही समज एका भाषेत आली की दुसरीतही सोबत येते.

हे मी फक्त धीर द्यायला म्हणत नाही. टोरंटोचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स १९७०च्या दशकाच्या शेवटापासून हेच मांडत आले आहेत: वाचण्या-लिहिण्याची खोलवरची कौशल्यं भाषांच्या तळाशी एकत्र असतात, एकीत कमावलेलं दुसरीत वापरता येतं. त्यांचा दुसरा मुद्दाही तुमच्या उपयोगाचा आहे. नव्या भाषेत गप्पा मारणं मुलांना साधारण दोन वर्षांत जमतं, पण अभ्यासाची भाषा वयाच्या इतर मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणजे तिचं फ्रेंच सध्या जेवढं छान ऐकू येतंय, तेवढं ते लिहिण्यात अजून मुरलेलं नाही. तिची बरीचशी ताकद तिकडे खर्च होतेय आणि ती तिकडेच व्हायला हवी.

तुमच्याच शहराच्या शेजारचा एक दाखला आहे. माँट्रियलसमोर, सेंट लॉरेन्स नदीपलीकडे सेंट लँबर्ट नावाचं उपनगर आहे. १९६५ मध्ये तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या पालकांच्या आग्रहावरून मुलांना बालवाडीपासून सगळं फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मॅक्गिल विद्यापीठाच्या संशोधकांनी ही मुलं कित्येक वर्षं तपासली. सुरुवातीला त्यांचं इंग्रजी वाचन-लेखन मागे होतं. शाळेत इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ते भरून आलं आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत ती इंग्रजी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीला आली होती. आज कॅनडाभर चालणारे फ्रेंच इमर्शनचे वर्ग त्या प्रयोगातून पसरले.

फरक मात्र लपवून चालणार नाही. त्या मुलांच्या घरी इंग्रजी होतं, गोष्टींची पुस्तकं इंग्रजी होती आणि शाळेतही पुढे इंग्रजीचा नीट तास होता. तुमच्या घरी मराठी आहे. शाळेत इंग्रजीचा तास असेल (तुमच्या क्वेबेक प्रांतात २००६ पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवतात), पण तो ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यासाठीचा. तुमची मुलगी तिथे रंगांची आणि प्राण्यांची नावं म्हणत बसेल. म्हणून आपोआप होईल असं मी म्हणणार नाही. थोडं काम करावं लागेल. फक्त तुम्ही जे ठरवताय, ते काम ते नव्हे.

घरात इंग्रजी बोलण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. तुमच्या पत्रात या उपायावर सगळ्यात कमी लिहिलंय, म्हणून मी त्यावर जास्त लिहिते. घरात आपण काय बोलतो? जेवायला ये, ओले मोजे काढ, उद्याची बॅग भरलीस का. हे सगळं इंग्रजीत बोललं म्हणून कुणाचा निबंध सुधारत नाही. लिहायची भाषा वाचण्यातून आणि लिहिण्यातून येते, डबा भरता भरता येत नाही. उलट एक मोठी गोष्ट हातची जाईल. तुम्हाला मुलीला एखादी बाजू समजावून सांगायची असते, तिच्याशी वाद घालायचा असतो, आजोबांच्या आजारपणाबद्दल तिला नीट सांगायचं असतं, तेव्हा तुमची सगळी शब्दसंपत्ती मराठीत आहे. तुमचं पत्रच त्याची साक्ष देतंय. ती संपत्ती मुलांना मिळायला हवी. भरपूर बोलणाऱ्या, कारणं विचारणाऱ्या घरातलं मूल कुठल्याही भाषेत चांगलं लिहितं.

आणि माँट्रियलमध्ये कोणत्या भाषेला कोण सांभाळतंय, तेही बघा. फ्रेंचला शाळा आणि सरकार आहे. इंग्रजी खेळाच्या मैदानावर, टीव्हीवर, दुकानात, सगळीकडे आहे. मराठीला फक्त तुम्ही दोघं आहात. तुम्ही हात काढलात तर वर्षभरात दोन्ही भावंडं आपसात फ्रेंच बोलायला लागतील आणि आजीचा फोन आला की घुटमळतील. इंग्रजी गेलं तर कमावता येतं, त्यासाठी जगभर वर्ग आहेत. घरातलं मराठी एकदा मोडलं की पुन्हा बसवणं फार अवघड जातं.

आता सकाळी साडेसहाची शिकवणी. पुण्यात तेव्हा दुपारचे चार, हिवाळ्यात पाच. बाईंची सोय होते. पण जानेवारीत त्या वेळी तुमच्याकडे मिट्ट काळोख असतो आणि त्यानंतर मुलीला दिवसभर नव्या भाषेत डोकं चालवायचं असतं. वेलकम क्लासची मुलं दुपारी घरी येतात ती पिळून निघालेली असतात. वर बाई शिकवणार पुण्याच्या पाठ्यपुस्तकातलं व्याकरण, रिकाम्या जागा भरा आणि काळ बदला. तिची अडचण तिथे नाहीच. फ्रेंच शाळेत नाम, क्रियापद, वचन, लिंग यांचा कसून सराव चालू असतो, दर आठवड्याला शब्द पाठ करून श्रुतलेखन असतं. व्याकरणाची जाण तिला तिथून मिळतेय. तिला हवाय तो इंग्रजी मजकुराचा सहवास.

इंग्रजी शाळेच्या पर्यायाबद्दल. क्वेबेकच्या १९७७च्या कायद्याने, ज्याला सगळे ‘बिल १०१’ म्हणतात, सरकारी शाळांत मुलांना फ्रेंचमधून शिकणं बंधनकारक आहे. आई किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण बहुतांशी कॅनडात इंग्रजीतून झालं असेल तर इंग्रजी शाळा मिळते. आपलं पुण्यातलं इंग्रजी माध्यम त्यात धरत नाहीत. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यांच्या मुलांना सवलत मिळू शकते, पण २०२२च्या कायद्यानंतर ती जास्तीत जास्त तीन वर्षांची झाली आणि वाढवून मिळत नाही.

परत जायचं तुमचं पक्कं असेल, तारीखही ठरलेली असेल, तर इंग्रजी शाळा हा सरळ मार्ग आहे आणि तो घेण्यात गैर काही नाही. पण तुमचं पक्कं नाही. समजा मुलांना आता हलवलंत आणि तीन वर्षांनी तिथेच राहायचं ठरलं. मग मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल आणि तिला माध्यमिक शाळेत नव्याने फ्रेंच सुरू करावं लागेल. ते वय मैत्रिणींत रमायचं, तेव्हा पुन्हा वेलकम क्लास नशिबी येईल. आजचं फ्रेंच टिकवलंत आणि पुढे पुण्याला परतलात, तर पाचवी-सहावीचं इंग्रजी काही महिन्यांत भरून काढता येईल. दोन धोक्यांतला दुसरा मला फार लहान वाटतो. म्हणून, बेत बदलत नाही तोवर मुलांना आहेत तिथेच ठेवा. अर्ज आणि सवलतीचे तपशील मात्र इंग्रजी स्कूल बोर्डाच्या कार्यालयात स्वतः विचारून घ्या; ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका, कारण २०२२च्या आधीचा अनुभव आता लागू होत नाही.

मग करायचं काय?

सगळ्यात आधी वाचन, आणि लिहिण्याच्या दुप्पट-तिप्पट. इंग्रजीतले अभ्यासाचे जड शब्द तिला फ्रेंचमधून फुकट मिळणार आहेत. नेशन, कॉन्टिनेंट, डिव्हिजन, एव्हॅपोरेशन हे फ्रेंचमध्येही जवळजवळ तसेच लिहितात. कच्चं राहील ते छोट्या शब्दांचं इंग्रजी: ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’, ‘लुक आफ्टर’, कुठे ‘ॲट’ आणि कुठे ‘टू’. हे शब्दांच्या यादीतून येत नाही, गोष्टींतल्या संवादांतून येतं. म्हणून तिला कथा वाचू द्या, तिच्या आवडीच्या, एकाच मालिकेतली दहा पुस्तकं असली तरी चालतील, कॉमिक्सही चालतील. पुस्तक तिच्या पातळीच्या थोडं खालचं असलं तरी हरकत नाही. सध्या तिला वेग आणि गोडी हवी आहे. बेरी-युकाम मेट्रोला लागून असलेल्या ग्रांद बिब्लिओतेक या सार्वजनिक ग्रंथालयाचं सदस्यत्व क्वेबेकच्या रहिवाशांना मोफत आहे आणि तिथे मुलांची इंग्रजी पुस्तकंही मिळतात. शनिवारी तिला तिथे सोडा आणि निवड तिची तिला करू द्या. रात्री वीस मिनिटं तुम्ही किंवा बाबांनी मोठ्याने वाचून दाखवा, धाकटाही ऐकेल. नऊ वर्षांची झाली म्हणून वाचून दाखवणं थांबवायचं नसतं.

लिहिण्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या. रविवारी ती एक पान लिहील आणि तुम्ही त्याखाली इंग्रजीतच उत्तर लिहायचं. लाल पेन नाही, शेरा नाही. तिने ‘आय हॅव नाइन इयर्स’ लिहिलं असेल तर तुमच्या उत्तरात ‘व्हेन आय वॉज नाइन’ असं सहज येऊ द्या आणि तुमच्या लहानपणची एखादी गोष्ट सांगा. ती वाचेल, कारण त्यात तिला रस आहे, आणि बरोबर रचना डोळ्यांखालून जाईल. तुमचं स्वतःचं इंग्रजी ‘तितकं चांगलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. मुलीला उत्तर लिहायला जेवढं लागतं तेवढं तुमच्यापाशी नक्की आहे.

मावशींना यात जरूर ओढा. चुका मोजायच्या ऐवजी त्यांनी पत्राला पत्राने उत्तर द्यावं आणि शेवटी एक खरा प्रश्न विचारावा: बूट ओले झाले तर शाळेत काय करता, मेट्रोत एकटं जाऊ देतात का. खरा वाचक आणि खरा प्रश्न असला की मूल एका पानाची दोन पानं करतं.

चुकांचं काय, तर एका वेळी एकच जात हातात घ्या. या महिन्यात फक्त वार-महिन्यांची आणि भाषांच्या नावांची मोठी अक्षरं. लिहून झाल्यावर लगेच नाही, दोन दिवसांनी तिने स्वतः आपलं पान वाचावं आणि तेवढ्याच चुका शोधाव्यात. बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्या. वहीच्या मागच्या पानांवर जुळ्या शब्दांचे दोन रकाने आखा, इंग्रजी निळ्याने, फ्रेंच हिरव्याने. ‘ॲड्रेस’ला इंग्रजीत दोन ‘डी’, फ्रेंचमध्ये एक ‘डी’ आणि शेवटी ‘ई’. ‘मॅरेज’ला इंग्रजीत दोन ‘आर’, फ्रेंचमध्ये एक. शब्द तिला सापडतील तसे तिनेच भरायचे. मुलांना ही शोधाशोध मनापासून आवडते आणि दोन भाषांच्या हद्दी डोक्यात आखल्या जातात.

शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांनाही एकदा भेटा. रंगांची नावं म्हणण्याऐवजी तिला त्या तासाला स्वतःचं पुस्तक वाचू द्याल का, दोन ओळी लिहू द्याल का, असं विचारा. नम्रपणे विचारलं तर बरेच शिक्षक होकार देतात. तिथेच राहिलात तर पुढे अनेक शाळांत सहावीला सघन इंग्रजीचं सत्र असतं, माध्यमिकमध्ये इंग्रजीचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम असतो, त्याची चौकशी वेळेत करा. माध्यमिकनंतर सेजेप, म्हणजे विद्यापीठाआधीचं कॉलेज, इंग्रजीतून निवडता येतं, जागा मर्यादित असल्या तरी.

धाकट्याला मात्र इंग्रजी लिहायला आत्ता बसवू नका. तो पहिल्यांदाच वाचायला शिकतोय आणि फ्रेंचमध्ये शिकतोय. अक्षर आणि आवाज यांची एक घडी आधी नीट बसू द्या. सेंट लँबर्टची मुलंही आधी फ्रेंच वाचायला शिकली, इंग्रजी मागाहून. त्याला गोष्टी ऐकू द्या, चित्रांची पुस्तकं चाळू द्या. तो फ्रेंच सहज वाचायला लागला की एक दिवस स्वतःच इंग्रजी पाटी वाचून दाखवेल. तेव्हा त्याची वही सुरू करा. अक्षरओळख मराठीचीही हवी असेल, तर तीही याच टप्प्यानंतर.

काळजी कधी करायची, तेही सांगते, कारण असं पत्र लिहिणारे इतरही पालक आहेत आणि सगळ्यांचं कारण सारखं नसतं. इंग्रजी कच्चं आहे पण फ्रेंच वाचन वर्गाबरोबर चाललंय, तर सहवास कमी पडतोय, एवढंच. पण दोन्ही भाषांत अक्षरं उलटसुलट होत असतील, वाचताना मूल सारखं अडखळत असेल, पूर्वी पुण्यातही तसंच होत असेल, तर ‘तीन भाषांचा गोंधळ’ म्हणून थांबू नका. तीन भाषांमुळे वाचनदोष होत नाही, पण तीन भाषांच्या आड तो वर्षानुवर्षं लपू शकतो. वर्गशिक्षकांशी बोला आणि तपासणी मागून घ्या. तुमच्या मुलीच्या पानावर मला तसं काही दिसलं नाही.

आणि समजा पुण्याला परतायचं ठरलंच, तर शिकवणीचा विचार तेव्हा करा, निघायच्या सहा महिने आधी. ज्या इयत्तेत ती बसणार त्या इयत्तेचं इंग्रजीचं पुस्तक मावशींकडून मागवा, त्यात पत्रलेखन, उताऱ्यावरचे प्रश्न, निबंध यांतलं काय विचारतात ते दोघींनी मिळून बघा. जे येत नाही तेवढंच त्या बाईंना शिकवायला सांगा, आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर.